दुप्पट साखर आणि लखूचं जेवण

"साखर दुप्पट घातली आणि वेळ तेवढाच? हा लखू आपल्याला खुळं समजतो," पाकाची बाटली माझ्या टेबलावर आपटत मॅनेजर दामले म्हणाले. "आजच त्याला घरी पाठवतो. कायमचा."

ठाण्याच्या खाडीजवळ आमचा सरबतांचा कारखाना होता आणि मी तिथला केमिस्ट. पाकात थोडं अॅसिड घालून तो गरम ठेवला की साखर फुटते, म्हणजे तिच्या दोन वेगळ्या साखरा होतात. मग बाटलीत खडे धरत नाहीत. शेवटी खडूची पूड घालून अॅसिड मारायचं, की फुटणं थांबतं. हंड्यावर कोपरी गावचा लखू म्हात्रे असे. त्या दिवशी दामल्यांनी तेवढ्याच मापाच्या पाकात साखर दुप्पट घालायला लावली. लखूने नेहमीच्याच वेळेला खडू घातला, हंडा उतरवला आणि तो घरी जेवायला गेला.

परत आल्यावर त्याला विचारलं, तर म्हणतो, "मना भूक लागलेली, सायेब. पाक काय पलून जातो?"

असल्या वकिलीने नोकरी वाचत नाही. घरात खाणारी तोंडं बरीच, कमावणारा हा एकटा. मला त्याची काळजी वाटली. "आधी पाक तपासू," मी दामल्यांना म्हटलं.

आमच्याकडे पितळी नळीचं एक यंत्र होतं. त्यातला खास उजेड साखर उजवीकडे वळवते, फुटलेली साखर डावीकडे. त्यावरून किती फुटली ते कळतं. लखूचा पाक हवा तेवढा फुटलेला होता.

"योगायोग," दामले म्हणाले.

मग प्रयोग आले. त्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते आणि दामल्यांचा स्वभाव नेमका उलटा. मी साखर वाढवली की ते "थोडं अॅसिडही घालू या" म्हणत पुढे यायचे. झाकण उघडून बघायचे, पाक गार व्हायचा, सगळी मेहनत फुकट. शेवटी त्यांना थर्मामीटरपाशी बसवलं. काम फार जबाबदारीचं आहे असं सांगितल्यावर ते जागचे हलले नाहीत.

अॅसिड आणि ऊब तीच ठेवून साखर कमी-जास्त केली. त्यातली निम्मी फुटायला दर वेळी जवळपास तेवढाच वेळ लागला.

"हे कसं शक्य आहे?"

"साहेब, पंगतीला दुप्पट माणसं बसली म्हणून जेवायला दुप्पट वेळ लागतो का? प्रत्येक जण आपापलं पान संपवतो."

दामले पंगतीतले दर्दी. त्यांना लगेच पटलं.

मग साखर तीच ठेवून अॅसिड दुप्पट केलं. वेळ निम्म्यावर आला. दुप्पट साखर तेवढ्याच वेळात फुटते, म्हणजे फुटण्याचा वेग साखरेच्या प्रमाणात वाढतो, तसाच अॅसिडच्याही. यालाच आम्ही वेगाचा नियम म्हणतो.

लखूची नोकरी वाचली. मला मनापासून आनंद झाला. पण दामल्यांना नियमाचा दुसरा भाग जास्त आवडला होता. दुसऱ्या दिवसापासून अॅसिड दुप्पट आणि जेवणाआधी एकाऐवजी दोन हंडे. हंडा भरणं, ढवळणं, गाळणं सगळंच दोनदा. लखूचं जेवण संध्याकाळवर गेलं.

तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "नोकरी वाचवलीत, सायेब. जेवान पन वाचवायचा होता."

तेव्हापासून मॅनेजरला मी नियमाचा कामापुरता भाग तेवढा सांगत आलो. उरलेला त्यांनी विचारला तरच.