पोकळ वाजणारी बोट

हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मी परत दोन वर्षं गप्प बसेन. बाहेरच्या खोलीत टाइल्सवाला मिस्त्री आलाय. हातोडीच्या दांड्याने एकेक टाइल वाजवत चाललाय आणि जी पोकळ वाजेल तिच्यावर खडूने फुली मारतोय. मला ते ऐकवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलेय. चुका असतील, माफ करा, भराभर टाइप करतेय.

माझ्या बाबांना शिडाची बोट घ्यायची होती. हो, दिल्लीत राहून! इथून समुद्र किती लांब आहे ते मला सांगू नका, आई रोज सांगायची. बाबा मूळचे वर्ध्याचे, सव्विसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नाही. मग सरकारी नोकरीत पहिलं पोस्टिंग मुंबईला, दोन वर्षं. तिथे ऑफिसातल्या कुणीतरी एका रविवारी त्यांना शिडाच्या बोटीत बसवलं. इंजिन बंद केल्यावर जो आवाज उरतो ना, तो ऐकून हा माणूस कायमचा कामातून गेला, असं आई म्हणते. त्यानंतर आयुष्यभर दिल्ली. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर, सकाळची चार्टर्ड बस, मंत्रालयातल्या फायली. आणि डोक्यात एकच, रिटायर झालो की एक जुनी बोट घ्यायची आणि ऑक्टोबरात मुंबईहून निघून कोकणचा किनारा धरून, खाड्याखाड्यांत मुक्काम करत, हळूहळू गोव्यापर्यंत जायचं.

रिटायर झाल्यावर आम्ही नोएडाच्या या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हा रिटायर झालेले सगळेच सरकारी लोक येत होते, आर. के. पुरममधले, सरोजिनी नगरमधले, आजूबाजूला नुसती शेतं आणि मध्येच आमचे टॉवर. पझेशनच्या दिवशी लोक स्टीलचा चमचा घेऊन यायचे. चमच्याच्या दांडीने प्रत्येक टाइल वाजवायची, खणखणीत वाजली तर खाली सिमेंट नीट भरलंय, धप वाजली तर पोकळ. आमच्या शेजारच्या अंकलनी बाबांना हे आधी सांगितलंही होतं. पण बिल्डरच्या माणसाने मिठाईचा डबा हातात दिला, आणि बाबांना त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून फरशी ठोकायची लाज वाटली. सही करून आले. पहिल्याच थंडीत बाहेरच्या खोलीतल्या सात-आठ टाइल्स कडाकड उचलल्या गेल्या. आईने मिठाईचा रिकामा डबा धुवून त्यात डाळ भरली आणि समोरच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून घरात नियम झाला, वाजवल्याशिवाय काही घ्यायचं नाही. कलिंगड नाही, माठ नाही, काही नाही.

तीन-चार वर्षांनी मला गुडगावात पहिली नोकरी लागली. ऑफिसात इंटरनेट, प्रिंटर, फुल ऐश. मी जुन्या बोटींच्या जाहिराती प्रिंट करून आणायचे. बाबांनी चक्क फाइल उघडली होती, वर सुंदर अक्षरात ‘विषय : नौका खरेदीबाबत’. प्रत्येक कागदावर लाल पेनाने शेरा. ‘तळ फार खोल, खाडीत शिरणार नाही.’ ‘इंजिन संशयास्पद.’ ‘चर्चा करावी.’ चर्चा करायला अर्थात मीच. डोलकाठी, सुकाणू, नांगर हे शब्द मी, दिल्लीत वाढलेली मुलगी, पहिल्यांदा या फाइलमध्ये वाचले. यार, किती मजा यायची.

आणि मग एक बोट फाइलमध्ये टिकली. सव्वीस फूट, फायबरची, गोव्यात नदीकाठच्या एका यार्डात उभी. मालक म्हातारा परदेशी, घरी परत चाललेला. तळ उथळ, शिडं चांगली, दोन झोपायच्या जागा, एक इवलंसं स्वयंपाकघर. बाबांनी एका रविवारी सोफा बाल्कनीत ढकलला आणि त्याच बाहेरच्या खोलीत, याच टाइल्सवर, खडूने अख्खी बोट काढली. खऱ्या मापाची. टोक बेडरूमच्या दारात गेलं. मग आम्हाला आत बोलावलं. मी पुढच्या बिछान्यावर आडवी झाले. आई आधी रेषेबाहेरच उभी होती, यमुनेत चालवा म्हणाली. पण शेवटी आली आणि खडूच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसली.

"इथे पोळपाट कुठे मावणार?" आईने विचारलं.

"पोळपाट मांडीवर," बाबा म्हणाले. "आणि मी हवेकडे बघून सांगणार, आत्ता लाट, आत्ता थांब."

आई हसली. दोन दिवस तिने ती खोली पुसायला दिली नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

बोट बघायला बाबा आणि मी गेलो. निघताना आईने स्वतःहून बॅगेत चमचा टाकला, तिच्या लग्नातला, नाव कोरलेला. कारण जुनी फायबरची बोटसुद्धा तशीच तपासतात! वरच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आत कुजतं आणि वरून काही दिसत नाही. ठोकलं की कळतं. कोरडं असेल तर टण, पाणी असेल तर धप.

बाबांचे गुडघे दुखत होते म्हणून डेकवर रांगत मी ठोकत गेले. टण, टण, टण. बाबा सुकाणूचा दांडा धरून उभे होते. बोट जमिनीवर, लाकडी टेकूंवर, आणि हा माणूस दूर क्षितिजावर बघत तोल सांभाळतोय. सगळं चांगलं होतं. इंजिन सुरू झालं, शिडं उघडून बघितली, डोलकाठीच्या तारा चकचकीत. आणि मग डोलकाठीच्या पायाशी, साधारण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत, धप.

मी परत वाजवलं. धप.

यार्डवाला खालून बघत होता. "बाय, जुनी बोट ती. एवढं असायचंच," तो म्हणाला. "तेवढं कापून नवीन भरून देतो. पावसाआधी तयार."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला तो चेहरा तेव्हा नीट वाचता आला नाही. मला वाटलं, ते माझं मत विचारतायत. आता वाटतं, ते मला म्हणत होते की हो म्हण.

आणि मी काय बोलले? तेवीस वर्षांची, एकदम हुशार, चमचा हातात.

"बाबा, पोकळ आहे. आणि नेमकं डोलकाठीखाली. आपलं घरात काय ठरलंय?"

बाबांनी डेकवरून हात फिरवला, जसा ते कॉलनीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीवरून फिरवायचे. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "दुसरी बघू."

दुसरी आली नाही. फाइलमध्ये कागद येत राहिले, पण लाल शेरे छोटे होत गेले. त्या हिवाळ्यात बाबांना खोकला सुरू झाला. दिल्लीत हिवाळ्यात कोणाला खोकला नसतो? सगळे म्हणाले, धूळ आहे, बांधकामं चालू आहेत. मग जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्यांना शर्ट काढून पाठमोरं बसवलं. डावा पंजा पाठीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने वर ठोकून बघितलं. टण. मग थोडं खाली. टण. उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांपाशी, धप.

डॉक्टरांनी परत ठोकलं. धप.

बाबांनी मान वळवली नाही. पाठमोरेच, मराठीत, माझ्याशी बोलले. "ऐकलंस?"

"काय?"

"पाणी शिरलंय."

डॉक्टरांनी विचारलं, क्या कह रहे हैं? मी म्हटलं, कुछ नहीं. आणि बाबांना म्हटलं, "मला काही वेगळं नाही वाटलं बाबा. सगळीकडे सारखंच वाजतंय."

"अच्छा," बाबा म्हणाले. "मग तुझा कान गेला."

एक्स-रे वगैरे नंतर झालं. फुफ्फुसाभोवती पाणी होतं आणि ते कशामुळे होतं तेही कळलं, आणि त्यावर फारसा इलाज नव्हता. ऑक्टोबर उजाडायच्या आत ते गेले.

जुन्या बोटी विकणाऱ्या एकाशी नंतर माझं मेलवर बोलणं झालं. तो म्हणाला, पोकळ जागा नसलेली जुनी बोट मी तरी पाहिलेली नाही. लोक तेवढं दुरुस्त करतात आणि जातात. म्हणजे मी बोट बघायला गेलेच नव्हते. मी आमच्या फ्लॅटचं पझेशन घ्यायला गेले होते, चार वर्षं उशिरा. बिल्डरचा राग मी बाबांच्या बोटीवर काढला. आणि जिथे खरं सांगण्याने काहीच होणार नव्हतं तिथे मी खोटं बोलले, जिथे थोडं खोटं बोलले असते तर त्यांना एक ऑक्टोबर मिळाला असता तिथे खरं.

आत्ता मिस्त्रीचा आवाज थांबलाय. मी उठून बघून आले. बहुतेक टाइल्सवर फुल्या आहेत, बेडरूमच्या दारापर्यंत. आई वेताच्या मोढ्यावर बसून बघत होती. तिच्या पायाजवळच्या टाइलवर त्याने दांडा मारला. मला दारातून स्पष्ट ऐकू आलं. धप. त्याने खडू काढला.

"वो रहने दो," आई म्हणाली. "वो अच्छी है."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हां, वो ठीक है. तिथेच ती त्या रविवारी मांडी घालून बसली होती, पोळपाट कुठे मावेल विचारत.

सांगा ना, तुमच्या बाबतीत झालंय असं? घरातल्या कुणाला तुम्ही अगदी बरोबर तेच सांगितलंत, आणि नंतर वाटत राहिलं, की त्या एका दिवशी आपल्याला ऐकू आलं नसतं तर किती बरं झालं असतं?