काशीनाथरावांचा एक दिवसाचा बंद

भाईंदर पश्चिमेच्या काशीनाथ शिरधनकरांनी निवृत्तीनंतर जुन्या भावगीतांचे शब्द देणारी वेबसाइट काढली होती. कॉपीराइटचा नवा कायदा येऊ घातला होता आणि तो आला तर एका तक्रारीवर अख्खी साइट बंद पडली असती. निषेध म्हणून बऱ्याच साइटवाल्यांनी एक दिवस पानं काळी ठेवली, तशी काशीनाथरावांनीही ठेवली.

दुपारी सोसायटीच्या हॉलमधून त्यांच्या बायकोचा, ममताबाईंचा फोन आला. "अहो, सगळ्यांच्या मोबाइलवर काळं दिसतंय. महिला मंडळाच्या बायका गायला उभ्या आहेत."

"कायद्याविरुद्ध आंदोलन आहे."

"मग कायद्याला दाखवा काळं. आम्हाला शब्द द्या."

तत्त्व मोडवेना आणि बायकोलाही दुखवता येईना. शेवटी ते स्वतःच हॉलमध्ये जाऊन माइकवर एकेक ओळ सांगू लागले. सांगता सांगता त्यांना हुरूप चढला आणि ते गायलाच लागले. तिसऱ्या गाण्यानंतर ममताबाईंनी माइक काढून घेतला.

कायद्याविरुद्धच्या त्यांच्या निवेदनावर महिनाभरात कुणी सही केली नव्हती. त्या संध्याकाळी मंडळाच्या चौदाही बायकांनी केली.

"साइट चालू राहिलीच पाहिजे," शेजारच्या संचितावहिनी सही करताना म्हणाल्या, "नाहीतर हे परत गातील."