यादीत नसलेलं गिऱ्हाईक

इंटरनेटचा कारभार कुणी, कसा चालवावा यावर आमच्या शहरात परिषद भरणार होती. तयारीच्या समितीत अधिकारी, कंपनीवाले, प्राध्यापक, मी आणि कन्नड तालुक्यात घरोघरी नेटची तार ओढणारे एक गृहस्थ. बोलण्याआधी ते मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचे, जणू त्यानंही ऐकू नये!

शेवटच्या बैठकीत वक्त्यांची यादी वाचली गेली. त्यात गृहस्थांचंही नाव होतं.

"समदे नेट चालवणारे, नायतर शिकवणारे," ते म्हणाले. "वापरणारं कुणीच नाय व्हय?"

"आता जागा नाही हो," अध्यक्ष म्हणाले.

गृहस्थांनी माझं पेन घेतलं, स्वतःचं नाव खोडलं आणि एका बाईंचं लिहिलं.

"कोण या?" मी विचारलं.

"आमचं गिऱ्हाईक. नेट गेलं की दारात येऊन भांडत्यात. मला तेवढी पुढली खुर्ची ठेवा. मी समोर दिसलो म्हंजे त्यांना लई सुचतं."