शटर ओढणारा लोकल

माझ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बातमीदाराने मला फसवलं. पूर्वी एकदा जंगलातून बिबट्या बोरीवलीत आला आणि माझ्या रंगाच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याला आत कोंडायला शटर मी ओढलं. या साहेबांच्या इंग्रजी पेपरात आलं, ‘अ लोकल’ने ओढलं. म्हणजे तिथलाच कोणीतरी. नंतर त्याला न्यायला आलेल्या वनअधिकाऱ्याचं पूर्ण नाव छापलं, बिबट्याचं वयसुद्धा छापलं. हातगाडीपासून दुकान उभं करणारा मी मात्र नुसता लोकल.

आता साहेब रिटायर झालेत. रोज सकाळी माझ्याच रंगाच्या डब्यावर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि बातमी दिल्यासारखं बोलतात.

"एका लोकलने पाजलेला चहा थंड असल्याचे समजते."

गिऱ्हाइकं हसतात, मी भडकतो.

"नाव का नाही टाकलंत, साहेब?"

"अरे, तेव्हा रीतच होती. नाव साहेबलोकांना, बाकी सगळे लोकल."

"आणि बिबट्याचा एवढा मान?"

"तो पाहुणा होता ना!"

परवा मी फारच तापलो, तेव्हा ते वर जाऊन जुनी वही घेऊन आले. त्या दिवसाच्या पानावर माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, खाली दोन रेघा मारलेल्या. मी नावावरून बोट फिरवलं.

"मग पेपरात जाताना खोडलं कोणी?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "सूत्रांनी नाव सांगण्यास नकार दिला."

ठीक आहे. मीही इथे त्यांचं नाव दिलेलं नाही. पण ज्याने माझं खोडलं, त्याने दुकानात यावं आणि माझ्यासमोर सांगावं, शटर कोणी ओढलं?