ग्रंथपालबाईंच्या हाती फुटबॉल

हंगाम सुरू व्हायला आठवडा उरला असताना कॉलेजच्या फुटबॉल संघाचे सर स्कूटरवरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. प्राचार्यांनी ग्रंथपालबाईंना बोलावलं.

"संघ आता तुम्ही सांभाळा."

"मी? सर, मला फुटबॉल गोल असतो एवढंच ठाऊक आहे."

"म्हणजे सुरुवात झालीच की! आणि दुपारी तुमच्याकडे तसंही कोणी फिरकत नाही."

हे खरं होतं, म्हणून बाईंना जास्तच झोंबलं.

बाई चोपन्न वर्षांच्या, ठेंगण्या, हट्टी. कुठलंही काम गळ्यात पडलं की आधी त्यावरचं पुस्तक शोधायचं, हा त्यांचा खाक्या. फुटबॉलवर एकच पुस्तक निघालं, तेही वाळवीने चाखलेलं. ऑफसाइडचा अख्खा धडा वाळवीच्या पोटात गेला होता. "नसेल एवढं महत्त्वाचं," म्हणत बाई पुढच्या धड्यावर गेल्या. पहिल्या सामन्यात पोरं चौदा वेळा ऑफसाइड झाली आणि नऊ गोल खाऊन परतली.

बाईंचे यजमान शिंपी. त्यांनी हौसेने संघाचे कपडे शिवले, पण माप एकट्या गोलकीपरचं घेतलं, आणि तो संघातला सगळ्यात आडवा.

"अहो, सगळ्यांना एकच माप?"

"वाढतं अंग आहे गं पोरांचं."

"वीस-वीस वर्षांचे घोडे झालेत, आता कुठे वाढणार?"

दुसऱ्या सामन्यात अर्धा संघ एका हाताने चड्डी सावरत धावला. सात गोल. तिसऱ्यात नाड्या आल्या, तरी पाच गोल झालेच.

बाई विचारात पडल्या. खेळ कळत नव्हता, पण कॉलेजातली पोरं त्या ओळखून होत्या. एक लंबूटांग दोन वर्षं शब्दकोश दाबून बसला होता. बाई दिसल्या की असा सुसाट पळायचा की फक्त चपला मागे राहायच्या. बाईंनी यजमानांना कँटीनच्या मागच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः पुढून शिरल्या. सापडला.

"बाई, उद्या नक्की आणतो!"

"शब्दकोश राहू दे. उद्या बूट घालून मैदानावर ये."

चौथा सामना संपत आला, तरी गोलफलक कोराच होता. लंबूच्या पायाशी चेंडू आला आणि तो नुसता बघत राहिला. कडेवरून बाई कडाडल्या, "शब्दकोश कुठंय रे?"

लंबू मुंडी खाली घालून सुटला. वाटेत आलेल्या दोघांना चुकवलं, चेंडूसकट जाळ्यात जाऊन पडला. गोल झाल्यावर काय करायचं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं.

बातमी मात्र फुटली. पाचव्या सामन्यात समोरचा अख्खा संघ "शब्दकोश! शब्दकोश!" ओरडायला लागला. लंबू बिथरला, उलटा पळाला आणि आपल्याच जाळ्यात गोल ठोकून आला.

दुसऱ्या दिवशी त्याने शब्दकोश बाईंच्या टेबलावर आदळला. "घ्या एकदाचा!"

भीती गेली आणि तिच्याबरोबर वेगही गेला. सहावा सामना हातचा गेला. पण शेवटच्या सामन्यात लंबूने मान वर करून पहिल्यांदाच मैदान पाहिलं आणि कर्णधाराकडे नीट चेंडू दिला. कर्णधाराने गोल केला आणि एक-एक बरोबरी झाली. दरवर्षी तळाला असणारा संघ आठांत सातवा आला. प्राचार्यांनी पेढ्यांऐवजी भाषण वाटलं.

पुढच्या वर्षी सर परत आले. "सुटले बाई एकदाची!" असं बाईंनी साऱ्या स्टाफरूमला सांगितलं. तरी शनिवारी त्या यजमानांना घेऊन मैदानाच्या कडेला बसलेल्या असतात. पंचांना त्या मोठमोठ्याने सल्ले देतात आणि यजमान खेळाडूंच्या उसवलेल्या शिवणी हेरत बसतात.