तोंड दाखवा, बाई

हिंगोलीहून सकाळी सव्वासातला सुटणाऱ्या लाल गाडीत कोरोनाच्या त्या दोन वर्षांत लोक मला मास्कवाल्या मॅडम म्हणायचे. माझ्या पाठीमागे म्हणायचे, पण मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माझी शाळा आखाडा बाळापूरच्या पुढे, एका फाट्यावरून दीड किलोमीटर आत. पोरांसाठी शाळा बंद होती, आम्हा शिक्षकांना मात्र जावं लागायचं. घरोघर फिरून अभ्यासाचे कागद द्यायचे, पोषण आहाराचा तांदूळ वाटायचा, कुणाला ताप-खोकला आहे का ते वहीत लिहायचं.

मास्क गाडीत सगळ्यांकडेच असायचा. कुणाच्या हनुवटीखाली, कुणाच्या एका कानाला लटकलेला, कुणाच्या शर्टाच्या खिशात. फोन आला की मास्क खाली. खिडकीतून थुंकायचं असलं की मास्क खाली. बायका पदराचं टोक दातात धरायच्या आणि तेवढ्यानं भागलं असं समजायच्या. मी एकेकाला सांगायची. पर्समध्ये चार-पाच जादा मास्क ठेवायची आणि ज्याच्याकडे नसेल त्याच्या हातावर ठेवायची. एकदा एका माणसानं काही केल्या मास्क वर घेतला नाही, तेव्हा मी कळमनुरीपर्यंत उभी राहिले पण त्याच्या शेजारी बसले नाही.

मला तसं कारण होतं. घरी सासरे होते. मी त्यांना मामा म्हणते. त्यांना वीस वर्षांचा दमा. आमच्या गल्लीतली दोन माणसं पहिल्या लाटेतच गेली होती. मी घरी पोचले की अंगणातच पाय धुवायची, न्हाणीत साडी बदलायची आणि मग आत जायची. मामांच्या खोलीचा उंबरा मी वर्षभर ओलांडला नव्हता, ताटसुद्धा बाहेरून सरकवायची. हे सगळं खरं आहे. पण पुढे माझ्या हातून जे झालं त्याला हे कारण पुरत नाही, ते आधीच सांगून टाकते.

होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. कळमनुरीला गाडी भरली आणि एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीच्या पुढची असेल. अंगावर विटलेलं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. अंगाला मेंढरांचा वास येत होता, आणि मी खिडकीकडे थोडी सरकले, हेही सांगायला हवं. मास्क मात्र तिनं नीट लावला होता. जुन्या लुगड्याचं कापड शिवून केलेला, नाकावरून घेऊन मागं गाठ मारलेला. कंडक्टर आला तेव्हा तिनं मोठ्या आवाजात फाट्याचं नाव सांगितलं. मला उतरायचं होतं तोच फाटा.

गाडी कळमनुरीच्या बाहेर पडली तशी तिनं मला विचारलं, "फाटा आला का, बाई?"

आवाज गरजेपेक्षा मोठा, एका सुरात. मी म्हटलं, अजून वेळ आहे. तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मास्ककडे पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं. मी जरा जोरात सांगितलं. ती आणखी जवळ सरकली आणि तिसऱ्यांदा विचारताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी हात झटकून मागं घेतला. तेव्हा तिनं माझ्या मास्ककडे बोट केलं.

"तोंड दाखवा, बाई," ती म्हणाली. "मला समजून न्हाई राह्यलं. जरा तोंड दाखवा."

पुढच्या सीटवरचे दोघे वळून हसले. मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि ओठांवर बोट टेकवलं, असं करा म्हणून. मी ताडकन उभी राहिले. त्यानंतर मी जे बोलले त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो.

"लोक मरायला लागलेत आणि तुम्हाला तोंडं बघायची पडलीत? तुमच्यासारख्यांमुळेच पसरतो हा रोग."

तुमच्यासारख्या म्हणजे कोण, हे मला कुणी विचारलं नाही. सगळ्या गाडीला ते कळलं होतं. कंडक्टर मागून आला, तिला मागच्या सीटवर चला म्हणून खूण केली, तिचं गाठोडं स्वतः उचललं. तिनं मास्क वर घेतला आणि सीटच्या दांड्या धरत मागं गेली. पुढचा एक जण मला म्हणाला की बराबर केलं मॅडम, या लोकांना असंच सांगावं लागतं. मी मान हलवली.

बाळापूरला बरीच माणसं उतरली. तिथं ती अर्धवट उठली आणि शेजारच्याला काहीतरी विचारू लागली. त्यानं मान दुसरीकडे फिरवली. माझा आवाज त्यानंही ऐकला असणार. ती पुन्हा बसली.

मग फाटा आला. कंडक्टरनं दारापाशी उभं राहून फाट्याचं नाव दोनदा पुकारलं, त्याच्याही तोंडावर मास्क. मी उठले. दारापर्यंत गेल्यावर मागं वळून पाहिलं. ती अगदी शेवटच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बाहेरची हळदीची शेतं बघत होती. हा तिचा फाटा आहे हे मला ठाऊक होतं. विसरले होते असं मी नंतर कितीदा म्हणायचा प्रयत्न केला, पण नव्हते विसरले. सांगावं असं मनात आलंही. आणि त्याच्या मागोमाग आलं की कंडक्टरनं दोनदा ओरडून सांगितलं, तिला कान नाहीत का? एवढ्यात दार उघडलं आणि मी उतरले.

गाडी हलली. तिची खिडकी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिनं मला पाहिलं. मी मान खाली घालून मास्कची पट्टी नीट करत राहिले.

शाळेतून तांदळाची पोती घेऊन मी आणि अंगणवाडीची सेविका गावात निघालो. ती त्याच गावची, सगळ्यांना ओळखणारी. साडेअकराच्या सुमाराला आम्ही एका घरापाशी आलो तर अंगणात माणसं बसलेली. या घरातला कर्ता माणूस दहा दिवसांपूर्वी गेला होता. त्याची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीला. ताप आला म्हणून नांदेडला नेला तो परत आलाच नाही. तिकडेच सगळं उरकलं, घरच्या कुणालाही त्याचं तोंड पाहायला मिळालं नाही. आज दहावा होता. माणसं कयाधू नदीच्या काठावरून नुकतीच परत आली होती.

आम्ही तांदूळ मोजायला बसलो तेव्हा बोलणं कानावर येत होतं. कावळा शिवला नव्हता. तासभर वाट पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. कळमनुरीकडची बहीण अजून आली नव्हती. पहिल्या गाडीनं निघते म्हणून निरोप होता. भाऊ तिचीच वाट पाहत असेल, असं कुणीतरी म्हणालं.

सेविका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बहिरी हाय मॅडम ती. लहानपनी ताप आल्ता तव्हापसून. समोरच्याच्या तोंडाकडं पाहून समजते तिला. याच भावानं शिकवलं म्हन्तेत. आता समद्यायची तोंडं झाकलेली, तिला कसं समजावं?"

माझ्या हातात तांदळाचं माप होतं. ते पोत्यातच राहिलं. सेविकेला वाटलं मला ऊन लागलं, तिनं पाणी आणून दिलं. पाणी प्यायला मास्क खाली घ्यावा लागला असता, म्हणून मी तांब्या नुसता हातात धरून बसले.

ती आली तेव्हा बारा वाजून गेले होते. गाडीनं तिला पुढच्या डोंगरकडा गावाला नेऊन सोडलं होतं. तिथं कुणीतरी हातानं खुणा करून सांगितलं तेव्हा तिला कळलं की फाटा मागं राहिला. परतीची गाडी नव्हती. निम्मी वाट चालत आणि निम्मी एका ट्रॅक्टरवर बसून ती आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, आणि गाठोडं तसंच छातीशी. दारातूनच तिनं भावजयीला विचारलं, "झालं?"

भावजयीनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "झालं."

ती तिथंच अंगणात खाली बसली. रडली नाही. गाठोडं सोडलं, त्यात तांदळाचं पीठ, तीळ आणि एक नवा पंचा होता. तो पंचा तिनं घडीवर घडी करून मांडीवर ठेवला. मग मयताच्या धाकट्या भावानं तिच्यासमोर बसून, मास्क काढून विचारलं, "काहून उशीर केला?"

तिची नजर उठली आणि माझ्यावर आली. तीच साडी, तोच मास्क. मी दहा हातांवर उभी होते.

"डोळा लागला," ती म्हणाली. "गाडीत डोळा लागला माझा."

तिचा डोळा लागला नव्हता. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तेव्हाच पुढे होऊन मी सांगायला हवं होतं. चार पावलं टाकायची होती. मी वहीवर तांदूळ मिळाल्याचा अंगठा घेतला आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरी माझं माप दोनदा चुकलं.

त्यानंतर मी गाडीत कुणाला मास्कबद्दल बोलले नाही. स्वतः लावायची, खिडकीशी बसायची आणि उतरायची. पुढच्या वर्षी नियम उठला, मास्क गेले. मी मनाशी धरून बसले होते की जे केलं ते मामांसाठी केलं, त्यांना जपण्यासाठी. आणि ती बाई मोठ्या मनाची, तिनं मला सांभाळून घेतलं. या दोन गोष्टींवर मी वर्ष काढलं.

मामांना तो रोग साथ संपेपर्यंत झाला नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, बहुधा त्यांनी म्हणावं की जाऊ दे, तू माझ्यासाठीच केलंस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला, श्वास जमवला.

"मास्क लावला ते माझ्यासाठी, व्हय," ते म्हणाले. "तिला फाट्यावर उतरू दिलं न्हाई, ते माझ्यासाठी न्हवतं. ते माझ्या नावावर टाकू नको, बाई."

त्यानंतर मला राहवेना. सेविकेनं सांगितलं की भावाच्या श्राद्धाला ती येणार आहे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या घरी गेले. ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी बसले. तिनं हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या आणि माझ्या ओठांकडे पाहू लागली. इतक्या जवळून, इतकं लक्ष देऊन माझ्या तोंडाकडे कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी बोलायला लागले तर शब्द नीट येईनात.

"सावकाश बोला," ती म्हणाली. "व्हट कापून राह्यले तुमचे. समजत न्हाई."

मी थांबले, मग एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "त्या दिवशी गाडीत मी होते."

"वळखलं व्हतं," ती म्हणाली. "त्याच दिशी वळखलं."

मी विचारलं की मग तिथंच सांगितलं का नाही, झोप लागली असं का म्हणालात? तिनं एकदा घराच्या आत पाहिलं. आत तिची भाची पाटीवर पाढे लिहीत होती.

"तुमी तिच्या मास्तरीन," ती म्हणाली. "पोरीचा बाप गेला. मी तुमचं नाव घेतलं आसतं, आन तुमी तिच्यावर राग धरला आसता तर? म्हून म्हन्लं डोळा लागला."

म्हणजे तिनं मला सांभाळून घेतलं नव्हतं. तिनं त्या लेकराला माझ्यापासून सांभाळलं होतं. ज्या बाईनं गाडीत तसं केलं, ती वर्गात काय करील याचा तिनं अंगणात बसल्या बसल्या विचार केला होता, भावाचा दहावा हुकलेला असताना. आणि तसा विचार करायला मीच तिला जागा दिली होती. इतके दिवस मी जिला मोठ्या मनाची म्हणत होते, ती मला भीत होती.

मला खूप बोलायचं होतं. मामांचा दमा, गल्लीतले मृत्यू, ते दिवस. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. मी फक्त म्हटलं, "मला माफ करा."

तिनं ते ओठांवरून वाचलं. आणखी थोडा वेळ पाहत राहिली, मी अजून काही बोलते का म्हणून.

"समजलं," ती म्हणाली.

मी काय म्हणाले ते तिला समजलं, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. त्याहून जास्त घ्यायचा मला हक्क नाही. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. आतून भावजयीनं चहा आणला, तो मी प्याले, आणि फाट्याकडे चालत निघाले.