अक्कांवाचूनची ओवी

आई आणि शेजारच्या अक्का रोज दुपारी आमच्या उंबऱ्याशी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. आई सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक, अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या. हात चालू असताना आई ओवीची एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मग अक्का तेलुगूत पुढची ओळ जोडायच्या. आईने माहेरची बाभळ सांगितली की अक्का त्यांच्या माहेरची चिंच सांगायच्या. एकमेकींच्या गाण्यातले शब्द दोघींना निम्मेच कळायचे.

गेल्या वर्षी महापालिकेने आमच्या प्रभागात सांस्कृतिक कार्यक्रम ठेवला. वेगवेगळ्या समाजांनी एकमेकांची कला पाहावी, जवळ यावं, असं पत्रकावर लिहिलं होतं. आई लाजत म्हणाली, "आमचं दोघींचं नाव लावशील न्हवं?"

अक्का हसल्या. "तुजी आई नुसती वरडती. मी हाय म्हनून गानं वाटतंय."

"व्हय गं बाई, तू लई गळ्याची!" आई म्हणाली.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अर्ज भरायचं काम माझं. अर्जात 'भाषा' असा एकच रकाना होता. महापालिकेच्या खिडकीपाशी रांग होती. दोघींचं एकत्र कसं लिहायचं, हे विचारायला मला संकोच वाटला. एवढं साधं कळत नाही असं ते म्हणतील, या भीतीने मी दोन अर्ज भरले. आई मराठीत, अक्का तेलुगूत. घरी आल्यावर आई म्हणाली, "आगं, अक्काबिगर मी कशी म्हनू?" मी म्हटलं, "दोन मिनिटं तर हायेत की."

कार्यक्रमात आईचं नाव पुकारलं. इस्त्रीच्या साडीत ती माईकसमोर उभी राहिली आणि पहिली ओळ छान म्हणाली. मग सवयीने थांबली.

पुढची ओळ तिच्याकडे नव्हतीच. ती बाजूला बघत राहिली. अक्का खाली खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, पण त्यांचा नंबर अजून यायचा होता. लोकांना वाटलं, बाई विसरल्या. त्यांनी धीर देण्यासाठी टाळ्या वाजवल्या. आई नमस्कार करून खाली आली. अक्कांचं नाव आलं तेव्हा त्या उठल्याच नाहीत.

मंडप आवरताना मी तिथल्या साहेबांना सगळं सांगितलं. ते चांगल्या मनाचे होते. म्हणाले, "अहो ताई, विचारायचं होतं. दोघींना एकत्र चढवलं असतं की. आम्हाला तेच तर हवं होतं."

हे मी आईला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

दोघी अजूनही उंबऱ्याशी बसतात, बोलतात, भाज्यांची देवाणघेवाण करतात. भांडण काहीच नाही. पण गाणं होत नाही. एकदा धीर करून मी म्हटलं, "आई, म्हण की एखादी."

ती पानाची शीर काढत राहिली. मग म्हणाली, "आदी म्हनताना आपन गातोय हे ध्यानातच नसायचं गं. आता तोंड उगडलं की माजाच आवाज मला ऐकू येतोय."

अक्कांनी आईच्या सुपातली थोडी पानं उचलली आणि तिच्या वाटची कातरायला घेतली.